नजर आणि आवाज

पडद्यावरचा रुबाब रूपातून येतो, असे आपण सहज म्हणतो. त्यात भाषेचाही मोठा वाटा असतो. पेशावरचे युसूफ खान, म्हणजे दिलीपकुमार, आणि इजिप्तचे ओमर शरीफ यांची कामे शेजारी ठेवली की आम्हाला हे पटते.

‘मुगल-ए-आझम’ (१९६०) मध्ये पृथ्वीराज कपूर यांचा अकबर गरजतो. दिलीपकुमार यांचा सलीम आवाज खालीच ठेवतो. उर्दूचा एकेक लफ्ज तोलून टाकतो, थांबतो. त्या थांबण्यातच त्याची बगावत असते. पुढच्याच वर्षी ‘गंगा जमुना’त हेच कलावंत अवधी वळणाच्या बोलीत खेड्यातला गडी होतात.

ओमर शरीफ यांनी १९५४ साली यूसुफ शाहीन यांच्या अरबी चित्रपटात तरुण शेतकी इंजिनिअर उभा केला. तिथे बोली घरची होती. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ (१९६२) मध्ये मृगजळातला काळा ठिपका हळूहळू उंटस्वार होतो. तिथे शब्दांआधी वाळवंट आणि नजर बोलते. या प्रवेशाने त्यांना जगभर नाव दिले. मग १९६५ मध्ये ते रशियन डॉक्टर झिवागो झाले, मंगोल चंगेझ खानही झाले. नजर तीच राहिली. जबान मात्र परकी झाली.

शरीफ यांची वाळवंटातली ती भूमिका आधी दिलीपकुमार यांना देऊ केली होती. त्यांनी ती नाकारली. अनेकांना ही हुकलेली संधी वाटते. उर्दू शाळेत शिकवणाऱ्या आम्हाला तसे वाटत नाही. जगाने पाहिले तरच कलावंत मोठा, हे माप आपण मुलांच्या हाती देऊ नये. सलीमचा तो हळू आवाज त्यांना ऐकवावा.