यंत्रांचा ताल

मुंबईच्या जुन्या कापडगिरण्यांत वाफेचें एकच प्रचंड एंजिन असे. त्याची शक्ति लाइनशाफ्ट नांवाच्या लांब लोखंडी दंडांतून व चामडी पट्ट्यांवरून प्रत्येक यंत्रास पोंचे. १९१५ सालीं खोपोलीची वीज गिरण्यांत आली. पुढें यथावकाश यंत्रायंत्रास स्वतंत्र मोटार मिळाली आणि दंड अडगळींत गेला. त्याचा एक गुण मात्र सहज विसरला जातो. त्यावर बांधलेलीं सर्व यंत्रें आपोआप एका तालांत फिरत. मागांचें ह्यावांचून अडलें नाहीं. वृत्तपत्राच्या छापखान्याचें अडलें असतें. तेथें कागदाची एकच पट्टी अनेक रुळांवरून धांवते. एक रूळ किंचित् मागें पडला कीं रंग सरकतात, नाहीं तर कागदच फाटतो.

म्हणून छापखान्यांत दंड फार काळ टिकला. तो काढावयाचा, तर मोटारींची गति संभाळणाऱ्या सर्व ड्राइव्हांना नियंत्रकाची आज्ञा वेळच्या वेळीं पोंचावयास हवी. १९९० नंतर हें काम प्रथम काचतंतूंच्या खास जाळ्यांनीं केलें. तीं नेमकीं, पण महाग. स्वस्त व सर्वत्र मिळणारी तार ईथरनेटची. परंतु तिचा मूळ स्वभावच बेशिस्त! रॉबर्ट मेटकाफ यांनीं १९७३ सालीं अमेरिकेंत झेरॉक्सच्या संशोधनशाळेंत ती योजिली ती संगणक जोडण्यासाठीं. (ईथर ही कल्पना पदार्थविज्ञानानें केव्हांच टाकून दिली होती; नांव तेवढें तारेंत पुन्हा जन्मास आलें.) दोन यंत्रें एकदम बोललीं, तर दोघांनीं गप्प बसून दैवयोगानें ठरेल तितका वेळ थांबावें, असा तिचा नियम. पुढें स्विचांमुळें ही टक्कर टळली, तरी स्विचाच्या दारीं रांग उरलीच. कचेरींतील पत्रास क्षणभर उशीर चालतो. रुळास चालत नाहीं.

२००३ सालीं जर्मनींतील बेकॉफ कंपनीनें 'ईथरकॅट' पद्धति पुढें आणली. तींत नियंत्रक एकच लांब संदेश सोडतो. डाकगाडीनें न थांबतां स्टेशनावर एक थैली टाकावी व दुसरी उचलावी, तसा तो ड्राइव्हाड्राइव्हांतून आज्ञा देत व उत्तरें घेत धांवतो. शंभर मोटारींची फेरी सेकंदाच्या दहाहजाराव्या भागांत पुरी होऊं शकते. तरीही शेवटच्या ड्राइव्हास आज्ञा उशिराच मिळणार. ह्यासाठीं तारेंतील विलंब मोजून सर्वांचीं घड्याळें मायक्रोसेकंदाहूनही कमी फरकानें जुळवितात. मग आज्ञा हातीं येतांच नव्हे, तर नेमल्या क्षणीं सर्वजण ती एकदम पाळतात. जुन्या दंडास लांबीमुळें थोडा पीळ पडे. येथें तोही नाहीं. मात्र दंड मोडला तर साऱ्या कारखान्यास ऐकूं येई. तार मुकाट्यानें निसटते. म्हणून ठरल्या वेळांत संदेश न आला, तर आपली मोटार थांबविण्याची शिकवण ड्राइव्हास आधींच देऊन ठेवलेली असते.