लोखंडातले दफ्तर : युद्धकालीन जीप आणि तिची दुरुस्ती

जीपच्या जन्माची कथा बहुतेकांना ठाऊक असते. जुलै १९४०मध्ये अमेरिकी लष्कराने १३५ कंपन्यांकडे हलक्या टेहळणी गाडीसाठी विचारणा केली. बँटम या छोट्या कंपनीने २३ सप्टेंबरला पहिला नमुना हजर केला, आणि युद्ध संपेपर्यंत विलीस व फोर्ड या दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बांधल्या. इथवरची कथा कागदावर आहे. ब्रह्मदेश आघाडीच्या निमित्ताने आपल्याकडे आलेल्या आणि पुढे लिलावांतून खाजगी हातांत गेलेल्या जीपांचे नंतर काय झाले, याचे कागद फार थोडे मिळतात. लोखंड मात्र मिळते. गेली काही वर्षे मी अशीच एक जीप स्वतःच्या हाताने उघडतो आहे. मी इंजिनिअर नाही. पाना धरायला पुस्तकांतून आणि मिस्त्रींच्या शेजारी उभा राहून शिकलो.

पहिला प्रश्न गाडी कोणाची हा. फोर्डने विलीसच्याच आराखड्यावर जीप बनवली; तिचे नाव जीपीडब्ल्यू, त्यातला शेवटचा डब्ल्यू विलीसचा. दोन्हींचे भाग एकमेकांत बसावेत अशी लष्कराची अटच होती. तरी खुणा उरल्या. फोर्डने अगदी बोल्टच्या डोक्यावरही आपले 'एफ' अक्षर उठवले. रेडिएटरखालचा चासीचा आडवा दांडा विलीसमध्ये गोल नळीचा, फोर्डमध्ये उलट्या यू आकाराचा. माझ्या जीपचा दांडा गोल आहे, पण बॉडीचे जवळजवळ निम्मे बोल्ट 'एफ'वाले. म्हणजे दोन गाड्यांची मिळून ही एक झाली. कोणत्या तळावर की कोणत्या भंगारवाल्याच्या आवारात, ते बोल्ट सांगत नाहीत.

डाव्या चाकांनी मला सर्वांत जास्त शिकवले. या जीपच्या डाव्या बाजूच्या स्टडना उलटे आटे असतात, चाक फिरताना नट सैल होऊ नये म्हणून. ज्याला हे माहीत नाही तो नट सोडवतोय असे समजून आवळत जातो, शेवटी स्टड तुटतो. माझ्या मागच्या डाव्या चाकाच्या पाच स्टडांपैकी तीन उलट्या आट्यांचे निघाले, दोन सुलट्या आट्यांचे. ते दोन कोणीतरी तोडले आणि बाजारात मिळाले ते ठोकून बसवले, हे उघड आहे. शेजारच्या गॅरेजातले वयस्क उस्ताद ते पाहून हसले. "भाऊ, इथे कोणीतरी पोरगा शिकून गेलाय," म्हणाले. (करून पाहणाऱ्यांसाठी एक सूचना : दोन तुकड्यांची लष्करी रिम असेल तर टायरमधली हवा पूर्ण सोडल्याशिवाय रिमचे नट सैल करू नका. तिथे जीवावर बेतते.)

स्टिअरिंगची हकीकत अशीच. पुढच्या आक्सलच्या मध्यावर एक बेलक्रँक असतो, तो झिजला की गाडी रस्त्यावर डुलू लागते. त्यात मुळात सुईसारख्या बारीक रोलरांचे बेअरिंग असते. मी उघडले तर आत गनमेटलचा बुश, लेथवर कातलेला, इतका नेमका की आजही खेळ नाही. मूळचे स्टिअरिंग डाव्या हाताला होते, आता उजव्या हाताला आहे. डाव्या बाजूची पेडलची भोके पत्र्याचे तुकडे लावून बुजवलेली, आणि उजव्या चासीवर नव्या ब्रॅकेटचे जाडजूड वेल्डिंग. देखणे नाही, पण कित्येक दशके टिकले आहे.

या जीपा तगल्या यामागे मुंबईचाही हात आहे. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच महिंद्रांनी माझगावला विलीस जीपची जुळणी सुरू केली, आणि पुढे उंच बॉनेटची सीजे-३बी इथे दीर्घकाळ बनत राहिली. तिचा ट्रान्सफर केस युद्धकालीन जीपच्याच घराण्यातला. त्यामुळे गावोगावच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत जे मिळत होते त्यातले बरेचसे थोडी खटपट करून जुन्या जीपलाही बसे.

दुरुस्ती या शब्दाने आपल्या राजकारणातही एकदा धुरळा उडवला होता. १९४८मध्ये लंडनमधले आपले हायकमिशनर व्ही. के. कृष्ण मेनन यांनी लष्करासाठी दुरुस्त केलेल्या जुन्या जीपांचा करार केला. मद्रासला १५५ जीपा उतरल्या आणि त्या निकामी ठरल्या. १९५५मध्ये सरकारने प्रकरण मिटल्याचे जाहीर केले, पुढच्या वर्षी मेनन मंत्री झाले. या प्रकरणावर लिहिणारे पैशांबद्दल आणि मंत्रिपदाबद्दल भरभरून लिहितात. मला मात्र त्या १५५ गाड्यांची इंजिने कोणी उघडून पाहिली असतील, याचे कुतूहल जास्त वाटते. कागदावरची दुरुस्ती आणि बेअरिंगमधली दुरुस्ती यांतले अंतर झाकण काढल्याखेरीज कळत नाही.

आज या खुणांवर दोन्हीकडून संकट आहे. हौशी मालक परदेशातून नवे भाग मागवतात, जुने भंगारात देतात, आणि गाडी १९४३ साली कारखान्यातून निघाली तशी करून ठेवतात. ती दिसते झकास, पण इथली सत्तर-ऐंशी वर्षे तिच्यातून पुसली जातात. दुसरीकडे जुलै २०२१मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम केले. वय ५० वर्षांवर हवे, हे ठीक. पण चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा, अशीही अट आहे. पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल इंजिन बसवून ज्यांनी या जीपा शेतावर आणि घाटरस्त्यांवर राबत्या ठेवल्या, त्यांच्या गाड्या या व्याख्येत कशा बसणार? न वापरता शेडमध्ये उभी राहिलेली गाडी इतिहास ठरावी आणि राबलेली बाद व्हावी, हे मला मान्य नाही.

म्हणून मी काढलेल्या प्रत्येक भागाला पत्र्याचा बिल्ला बांधून वहीत नोंद करतो : कुठून काढला, आटे कसे, वेल्डिंग गॅसचे की विजेचे. सुलट्या आट्यांचे दोन स्टड बदलले, कारण चाकाशी खेळ नको. ते जुने दोन ७ आणि ८ क्रमांकांनी डब्यात आहेत. गनमेटलचा बुश ग्रीस भरून परत बसवला. उजव्या चासीवरचे वेल्डिंग घासलेले नाही, त्यावर फक्त रेड ऑक्साइड मारला आहे.