छापली न गेलेली बातमी

माझगावच्या भंडारवाडा टेकडीवरच्या जोसेफ बॅप्टिस्टा उद्यानात कठड्याशी उभे राहिले की पूर्वेचा सगळा बंदरपट्टा दिसतो: रेल्वेचे रूळ, वखारींची छपरे, क्रेन आणि पलीकडे समुद्र. याच माझगावात इंग्रजांचा किल्ला होता, तो जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने 1690मध्ये जमीनदोस्त केला. पण मी इथे येतो ते किल्ल्यासाठी नाही. आजीने सांगितलेली एक दुपार इथून जागच्या जागी बसवता येते.

14 एप्रिल 1944, शुक्रवार. आजी डोंगरीच्या चाळीत होती. ‘‘फळीवरची पितळी भांडी एकदम खाली आली. जपान्यानं बाँब टाकला म्हणून सगळी चाळ जिन्याकडे धावली. बाहेर बघते तर आभाळातून पेटता कापूस पडतोय!’’

तो कापूस कराचीहून आला होता. ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज व्हिक्टोरिया गोदीत धक्क्याला लागले, तेव्हा त्यात सुमारे 1,400 टन दारूगोळा होता आणि त्याच पोटात कापसाच्या गासड्या, तेलाची पिंपे आणि सोन्याच्या विटा भरलेल्या होत्या. दुपारी गासड्यांनी पेट घेतला. बंबवाले पाण्याचा मारा करत राहिले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शेजारच्या ‘जलपद्म’ जहाजाचा मागचा भाग उचलून वखारीच्या छपरावर जाऊन पडला. धान्याची कोठारे जळाली, लगतच्या वस्त्या पेटल्या. सोन्याची एक वीट दूरवरच्या एका पारशी गृहस्थांच्या घरात छप्पर फोडून पडली. त्यांनी ती परत केली आणि मिळालेले बक्षीसही मदतनिधीला दिले.

एवढे होऊनही वर्तमानपत्रे गप्प होती. युद्धाचा काळ, सेन्सॉरचा कडक पहारा. बाहेरच्या जगाला ही बातमी आधी जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दिली. आपल्याकडे ती छापायला मे उजाडावा लागला. तोवर चाळीच्या गॅलऱ्या, नळाच्या रांगा आणि दाणाबाजारातल्या पेढ्या हीच मुंबईची वर्तमानपत्रे होती. आजीला सगळा तपशील अखेरपर्यंत तोंडपाठ होता, त्याचे कारण मला यात दिसते. जे छापले जात नव्हते, ते लोकांनी एकमेकांना सांगून टिकवले.

आजोबा गोदीत मालाची मोजदाद करत. सोन्याच्या विटांची गोष्ट आम्ही मुले पुन्हा पुन्हा मागायचो. ते मात्र माणसांवर येत. म्हणायचे, ‘‘विटांचा हिशेब लागला रे, हमालांचा कुणी लावला?’’ त्या काळी गोदीतले बरेचसे काम टोळीवाल्यांमार्फत चाले. सकाळी टोळी उभी करायची, दिवसाचे काम झाले की मोकळे सोडायचे. ज्याचे नाव पक्क्या वहीत चढलेलेच नाही, तो संध्याकाळी घरी आला नाही तर त्याची नोंद कुठे व्हायची? गोदी कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा कायदा 1948मध्ये आला. ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज होती, त्यांतले अनेक तोवर राहिले नव्हते.

अग्निशमन दलाच्या 66 जवानांचे स्मारक भायखळ्याच्या मुख्यालयात आहे. 14 एप्रिल हा देशभर त्यांच्या स्मृतीचा दिवस म्हणून पाळला जातो आणि तिथूनच अग्निसुरक्षा सप्ताह सुरू होतो. हा मान त्यांचा हक्काचाच आहे. पण स्फोटानंतर सुमारे आठ हजार माणसांनी महिनोन्‌महिने राडारोडा उपसला आणि गोदी पुन्हा उभी केली. त्यांच्यापैकी एकाचेही नाव मला सांगता येत नाही, आणि हे मला फार लागते.

आता प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्यांचे पाणीच बुजवले आहे. पाहायला जावे तर जागा उरली नाही, वाचायला जावे तर त्या दिवसांची बातमी नाही. ज्यांनी ती दुपार पाहिली, ते आता मोजकेच असतील. पण ज्यांनी त्यांच्या तोंडून ती ऐकली, असे आपण पुष्कळ आहोत. डोंगरी, मांडवी, माझगाव, वाडीबंदर इथल्या घरांत एखादे आडनाव, एखादा टोळीचा नंबर, कोकणातल्या एखाद्या गावाचे नाव अजून कुणाच्या तरी लक्षात असेल. ते विचारून लिहून ठेवायला हवे. वारसास्थळांच्या यादीत इमारतींची नावे चढतात. गोदीच्या यादीत तिथे राबलेल्या माणसांची नावे चढली पाहिजेत, आणि ते काम आपल्या पिढीचे आहे.