प्रार्थनेचा तास : जेझुइट संघातील एका वादाचा इतिहास

प्रतिदिनी एकांतात प्रार्थना व आत्मचिंतन यांसाठी किती वेळ राखावा, हा प्रश्न मध्ययुगीन युरोपातील मठवासीयापुढे क्वचितच उभा राहत असे. सहाव्या शतकात नुर्सियाच्या बेनेडिक्टने रचलेल्या नियमावलीप्रमाणे दिवसा सात वेळा व रात्री एकदा घंटा होई आणि मठवासी स्तोत्रपठनासाठी एकत्र जमत. घंटेच्या अधीन असलेल्या मनुष्याला वेळ काढावा लागत नाही. तो त्याच्यासाठी काढून ठेवलेलाच असतो. ही घंटा नाहीशी झाल्यावर काय घडले, हे पाहावयाचे तर जेझुइट संघाच्या पहिल्या पंचवीस वर्षांकडे वळावे लागते. १५४० साली पोप तिसरा पॉल याने या संघास मान्यता दिली, तेव्हा सभासदांनी नित्य पठन सामुदायिक रीतीने न करता व्यक्तिशः करावे अशी मुभा दिली. अध्यापन, रुग्णसेवा, दूरदेशीचे धर्मप्रसारकार्य ही ज्यांची कामे, त्यांना दिवसातून आठ वेळा एका जागी जमणे शक्यच नव्हते. तत्कालीन अनेक धर्माधिकाऱ्यांना ही सवलत संशयास्पद वाटली, यात नवल नाही.

संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) याची या बाबतीतील भूमिका त्याच्या पूर्वायुष्यावाचून उलगडत नाही. १५२२ साली मान्रेसा येथे तो दिवसाचे सात तास गुडघे टेकून प्रार्थना करीत असे. परंतु त्याच काळात, निद्रेची वेळ होताच मनात उदात्त विचारांची व आनंदाची गर्दी होऊन झोप हरपते, असे त्याच्या ध्यानी आले. प्रार्थनेसाठी एवढे तास दिलेले असताना हे विचार नेमके झोपेच्या वेळीच का यावेत, असा प्रश्न त्याने स्वतःस केला आणि झोपणेच बरे, असे ठरविले. पुढे वयाच्या तिशीनंतर बार्सेलोना येथे तो लॅटिन व्याकरण शिकू लागला, तेव्हा हाच अनुभव निराळ्या रूपाने आला. रूपे पाठ करावयास बसले की आध्यात्मिक विषयांची नवी उमज स्फुरे आणि पाठांतर राही. प्रार्थनेच्या वेळी मात्र असे काही स्फुरत नसे! या भावावस्थेला त्याने मोह मानले. शिक्षकाला घेऊन तो सांता मारिया देल मार या चर्चमध्ये गेला आणि बार्सेलोनात पोटापुरते अन्नपाणी मिळते आहे तोवर दोन वर्षे एकही पाठ लक्ष दिल्यावाचून जाऊ देणार नाही, असे त्याने वचन दिले. धार्मिक भावनेचे आगमन अवेळी झाले तर तिला दार बंद करावे, हा धडा त्याला व्याकरणाच्या वर्गात मिळाला.

संघाच्या घटनेतील तरतुदी या धड्याशी सुसंगत आहेत. अध्ययन करणाऱ्या तरुण सभासदांनी नित्य मिस्सेखेरीज एक तास द्यावा; त्यातच मरियेच्या स्तोत्रांचे पठन, दोन वेळचे आत्मपरीक्षण व उरलेली प्रार्थना बसवावी. शिक्षण पुरे झालेल्यांना तर कालमर्यादाच घातलेली नाही. 'विवेकी प्रीती' सुचवील तो नियम, एवढेच तेथे म्हटले आहे. येथे 'विवेकी' या अर्थी आलेला मूळ लॅटिन शब्द वेगळे करणे, निवडणे या अर्थाच्या धातूपासून बनला आहे आणि आपल्या 'विवेक' शब्दाची व्युत्पत्तीही तशीच असल्याने हा अनुवाद सहसा न साधणाऱ्या अनुवादांपैकी एक म्हणावा लागेल. १५५१ साली पोर्तुगालमधील आंतोनियो ब्रांदाँव या विद्यार्थ्याच्या प्रश्नांना इग्नेशियसच्या वतीने पाठविलेल्या उत्तरातही हीच दृष्टी आहे. विद्यार्थ्याने दीर्घ ध्यानाच्या मागे न लागता बोलणे, चालणे, पाहणे, ऐकणे या सर्वांत ईश्वराचे सान्निध्य शोधावे, असा त्याचा आशय होता.

तथापि एका गोष्टीत इग्नेशियसने सूट दिली नाही. ती म्हणजे आत्मपरीक्षण. त्याच्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात (पोपची मान्यता १५४८) याची पद्धत एखाद्या हिशेबनिसाने सांगावी तशी सांगितली आहे. सुधारावयाचा एकच दोष निवडावा. सकाळी उठताच त्याविरुद्ध सावध राहण्याचा निश्चय करावा. दुपारच्या जेवणानंतर व रात्रीच्या जेवणानंतर मागील तासांचा क्रमाने झाडा घ्यावा. प्रत्येक दिवसासाठी दोन ओळी आखून दोष जितक्या वेळा घडला तितके ठिपके त्या त्या ओळीवर मांडावेत. मग दुसरी ओळ पहिलीशी, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा गेल्या आठवड्याशी ताडून पाहावा. दिवसभरात दोष घडताच छातीवर हात ठेवावा, आणि हे चारचौघांतही कोणाच्या लक्षात न येता करता येते, अशी पुस्तीही त्याने जोडली आहे. परीक्षणार्थी 'एक्झामेन' या लॅटिन शब्दाचा एक अर्थ तराजूचा काटा असाही आहे. इग्नेशियसची पद्धत त्या अर्थाला जागते. तिला तासभराचा एकांत लागत नाही, काही क्षणांची अचूकता लागते. आणि घंटेची जागा येथे मनातील हिशेबाने घेतली आहे.

हे सर्वांना पटले नाही. स्पेनमधील सभासदांत दीर्घ ध्यानाची ओढ प्रबळ होती. गांदियाचा ड्यूक फ्रान्सिस बोर्जिया १५४८ साली गुप्तपणे संघात सामील झाला. त्याच वर्षी इग्नेशियसने त्याला लिहिले की प्रार्थनेचा व तपाचा वेळ निम्म्यावर आणावा आणि उरलेला अध्ययन, जहागिरीचा कारभार व सत्संभाषण यांस द्यावा. १५५४ साली जेरोनिमो नादाल याने स्पॅनिश सभासदांची अधिक वेळेची मागणी रोम येथे मांडली, तेव्हा इग्नेशियसने ती कठोर शब्दांत फेटाळली. ज्याने स्वतःच्या वासना जिंकल्या आहेत त्याला पाव तास पुरे, न जिंकलेल्याला दोन तासही अपुरे, असा त्याच्या बोलण्याचा आशय लुईश गोंसाल्विश द कामारा या त्याच्या सहवासीयाने नोंदवून ठेवला आहे. यावरून इग्नेशियसला प्रार्थनेचे मोल कमी वाटत होते, असे समजणे चुकीचे होईल. साधनेच्या एकांतवासात प्रत्येक ध्यानाला पुरा तास द्यावा, आणि कंटाळा आल्यास थोडा अधिकच द्यावा, असा त्याचाच दंडक होता. प्रश्न नित्याच्या, कामाने भरलेल्या दिवसाचा होता.

१५६५ साली तोच बोर्जिया संघाचा तिसरा प्रमुख निवडला गेला. एके काळी निम्मी प्रार्थना कमी करण्याचा सल्ला ज्याला मिळाला, त्याने मिस्सा व आत्मपरीक्षण वगळून दररोज एक तासाची प्रार्थना सर्वांना लागू केली. याचा दोष काही अभ्यासक एकट्या बोर्जियाच्या वैराग्यप्रवण स्वभावाला देतात. परंतु महासभेनेच त्याला प्रार्थनेचा वेळ वाढविण्याचा अधिकार दिला होता, हे विसरता येत नाही. संस्थापकाच्या मृत्युसमयी सभासद हजाराच्या आसपास होते. दहाच वर्षांत ते कितीतरी पटींनी वाढले. ज्यांना इग्नेशियस ओळखत होता त्यांच्या विवेकावर विसंबणे शक्य होते. शाळांच्या ओझ्याखाली वाकलेल्या हजारो अनोळखी तरुणांच्या बाबतीत नियम न करणे म्हणजे प्रार्थना बुडू देणेच होय, असे महासभेला वाटले असल्यास ते निराधार म्हणता येणार नाही. मात्र तासाबरोबर घंटाही परत आली.

गोव्याच्या इतिहासात या दोन्ही परंपरांचे प्रतिनिधी भेटतात. १५४२ साली येथे उतरलेला फ्रान्सिस झेवियर १५५२ साली निवर्तला. तासाचा नियम त्याने पाहिलाच नाही. उलट १५७५ साली रोममध्ये संघात प्रवेश करून १५७९ साली गोव्यास आलेला थॉमस स्टीफन्स आरंभापासून या नियमात वाढला. १६१६ साली मुद्रित झालेले त्याचे ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' आणि त्याने रचलेले कोकणीचे व्याकरण ज्या दिनक्रमात सिद्ध झाले, त्यात एक तास आधीच बाजूला काढलेला होता.

१५८१ च्या महासभेने बोर्जियाची प्रथा कायम केली. तिचा पुनर्विचार १९६५–६६ च्या एकतिसाव्या महासभेत झाला. नित्य प्रार्थनेचे अगत्य कायम ठेवून, तासाचा नियम प्रत्येकाची परिस्थिती व गरज पाहून वरिष्ठांच्या मार्गदर्शनाने आचरावा, असे तिने ठरविले. आणि त्यासाठी निकष म्हणून घटनेतील विवेकी प्रीतीचाच आधार घेतला.