पार्कूर : स्पर्धेविना जन्मलेला व्यायाम

भिंती, कठडे, जिने यांना वळसा न घालता त्यांच्यावरूनच वाट काढत एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी झटपट, पण सुरक्षितपणे पोहोचण्याचे कौशल्य म्हणजे पार्कूर. त्यासाठी ना मैदान लागते, ना साहित्य. चांगली पकड असलेले बूट असले की पुरे.

'यामाकासी' (२००१), 'बाँलिय १३' (२००४) आणि बाँडपट 'कॅसिनो रोयाल' (२००६) यांनी हा प्रकार जगभर नेला. पण तो गच्च्यांवरून झेपावणाऱ्या माथेफिरूंचा खेळ आहे, हा गैरसमजही पडद्यानेच रुजवला. वस्तुतः बहुतेक सराव जमिनीलगत, कमरेएवढ्या कठड्यांवर चालतो. नवख्याला आधी शिकवतात ते उतरणे. चवड्यांवर टेकून गुडघे वाकवायचे आणि उंची अधिक असेल तर एका खांद्यावरून विरुद्ध बाजूच्या कमरेकडे तिरकी कोलांटी घ्यायची. त्यामुळे आघात सांध्यांवर एकवटत नाही आणि पाठीचा कणाही वाचतो. एकच उडी शेकडो वेळा मारून पाहण्याचा हा कंटाळवाणा भाग अर्थातच चित्रपटात दिसत नाही.

पार्कूरचे मूळ फ्रान्समध्ये आहे. फ्रेंच नौदलातील अधिकारी जॉर्ज एबेर (१८७५-१९५७) यांनी धावणे, चढणे, उचलणे, पोहणे अशा नैसर्गिक हालचालींवर आधारलेली व्यायामपद्धती मांडली. शक्ती कमवायची ती इतरांच्या उपयोगी पडण्यासाठी, हे तिचे सूत्र होते. सैनिकी प्रशिक्षणातील अडथळ्यांच्या मार्गाला फ्रेंचमध्ये 'पार्कूर' म्हणतात. व्हिएतनाममध्ये जन्मलेले रेमों बेल अशाच प्रशिक्षणातून घडले आणि पुढे पॅरिसच्या अग्निशमन दलात दाखल झाले. नोत्र दाम चर्चच्या मनोऱ्यावर आंदोलकांनी लावलेला ध्वज जानेवारी १९६९मध्ये हेलिकॉप्टरमधून उतरून काढणारा जवान तो हाच.

रेमों यांचा मुलगा दाव्हिद (जन्म १९७३) याने पॅरिसजवळच्या लिस या उपनगरात मित्रांसह या कसरतींना आजचे रूप दिले. तेथील 'दाम द्यु लाक' ही चढाईसाठी उभारलेली भव्य शिल्पाकृती या मंडळींमुळे प्रसिद्धीस आली. १९९७मध्ये 'यामाकासी' हा गट स्थापन झाला, पण तो लवकरच फुटला. सेबास्तियाँ फुकाँ यांनी 'फ्रीरनिंग' ही मोकळी शैली पुढे नेली, तर दाव्हिद बेल पार्कूरलाच चिकटून राहिले.

खरा वाद पेटला तो मात्र नंतर. ब्रिटनने २०१७मध्ये पार्कूरला क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली. त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने पार्कूर आपल्या पंखाखाली घेण्याचे ठरवले आणि डिसेंबर २०१८मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. अनेक देशांतील पार्कूरपटूंना हे अतिक्रमण वाटले. ज्यात प्रतिस्पर्धीच नाही, त्यात गुण देणार कशाचे, हा त्यांचा सवाल बिनतोड आहे. त्यांनी २०१७मध्ये 'पार्कूर अर्थ' ही स्वतंत्र संघटना काढली. तथापि, 'यामाकासी'च्या संस्थापकांपैकी शार्ल पेरिएर महासंघाच्या समितीत गेल्याने विरोधकांची बाजू काहीशी लंगडी झाली.

महासंघाची पहिली जागतिक स्पर्धा ऑक्टोबर २०२२मध्ये टोकियोत वेग आणि मुक्तशैली या दोन प्रकारांत झाली. ऑलिम्पिकचे दार मात्र उघडले नाही. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये, म्हणजे पार्कूरच्या जन्मभूमीतच, त्याला स्थान मिळाले नाही, ब्रेकडान्सला मिळाले.