एरियाप्रमाणे मत

ऑनलाइन मतदानाच्या प्रणालीत मतदारयादी चढवताना नाव, मोबाइल आणि ईमेलच्या शेजारी बहुतेकदा आणखी एक रकाना दिसतो: मताचं वजन. तो रिकामा सोडला, तर प्रत्येकाचं मत एक. जोगेश्वरीतल्या एखाद्या इमारतीने तो भरायचा की नाही, हे त्या इमारतीची नोंदणी कुठल्या कायद्याखाली झाली यावर ठरतं. सहकारी सोसायटी असेल, तर १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम लागू: सभासदाला एकच मत, तेही स्वतः द्यायचं, प्रॉक्सी चालणार नाही. १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालची कॉन्डोमिनियम असेल, तर प्रत्येक फ्लॅटच्या नावावर सामाईक मालकीची जी टक्केवारी लिहिलेली असते, तेवढंच मत. पहिल्या इमारतीत वन-आरकेवाला आणि थ्री-बीएचकेवाला बरोबरीचे. दुसरीत मोठ्या फ्लॅटचा शब्दही मोठा. मेंटेनन्सचंही तेच. सोसायटीत सेवाशुल्क सगळ्यांना सारखं, कॉन्डोमिनियममध्ये सामाईक खर्च टक्केवारीने. जोगेश्वरी पूर्वेच्या एसआरए, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींत हा वादच उद्भवत नाही. आधी २२५, मग २६९, आता ३०० चौरस फूट, पण एका योजनेत सगळ्यांना सारखंच घर.

एरियाप्रमाणे मत मागणाऱ्याला एजीएममध्ये लोभी म्हणून गप्प बसवतात. पण त्याची मागणी या भूमीला नवी नाही. जोगेश्वरी साष्टी बेटावर आहे. १७७४ च्या डिसेंबरात ईस्ट इंडिया कंपनीने साष्टी मराठ्यांकडून घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती तिच्याकडेच राहिली. ही मालकीण स्वतःच भारित मतदानावर चालत होती. तिच्या भागधारकांच्या सभेत आधी पाचशे पौंडांचे भाग असणाऱ्याला एक मत मिळे. त्यापुढे कितीही भाग असले तरी एकच. लंडनच्या धनिकांनी यावर सोपा तोडगा काढला: आपले भाग पाचशे-पाचशेच्या तुकड्यांत मित्रांच्या, नातलगांच्या नावे करायचे, मतदान झालं की परत घ्यायचे. १७६३ च्या संचालक निवडणुकीत लॉरेन्स सलिव्हनला पाडण्यासाठी रॉबर्ट क्लाइव्हने एक लाख पौंड असे फोडले, म्हणजे दोनशे मतं. तरी सलिव्हनच जिंकला.

त्यावर इलाज म्हणून १७६७ साली ठरलं की भाग सहा महिने नावावर असल्याशिवाय मत नाही. १७७३ च्या रेग्युलेटिंग अ‍ॅक्टने ती मुदत वर्षाची केली आणि मतांची पायरी बांधली: हजार पौंडांना एक मत, तीन हजारांना दोन, सहा हजारांना तीन, दहा हजारांना चार. त्यापुढे कितीही पैसा असला तरी चारच. पैशाला मान द्यायचा, पण त्याला मोकाट सोडायचं नाही, असा तो हिशेब होता. पुढल्या वर्षी साष्टी घेतली ती या नियमांवर चालणाऱ्या कंपनीने.

इंग्लंडच्या १८६२ च्या कंपनी कायद्यातल्या नमुना नियमांतही असाच उतार होता: पहिल्या दहा भागांना भागागणिक एक मत, शंभरापर्यंत दर पाच भागांना एक, त्यापुढे दर दहांना एक. नंतर हा उतार सपाट झाला आणि जितके भाग तितकी मतं हेच रूढ झालं. आजही कंपनीच्या सभेत हात वर करून मतदान झालं तर एका माणसाचा एकच हात मोजतात. पोल मागितला की मगच भाग बोलू लागतात.

सहकाराची वाट उलट दिशेने आली. १८४४ साली रॉचडेलच्या अठ्ठावीस जणांनी दुकान काढलं, त्यात भांडवल कितीही असो, माणसामागे एकच मत. ती प्रथा भारतात आली, पण एकदम पक्की झाली नाही. १९१२ च्या सहकारी संस्था कायद्यात भागांपुरती मर्यादित जबाबदारी असलेल्या संस्थेला मतांची संख्या पोटनियमांत ठरवायची मोकळीक होती. त्याच कायद्याखाली १९१५ साली गावदेवीत सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाऊसिंग सोसायटी उभी राहिली, देशातल्या अगदी पहिल्या गृहनिर्माण संस्थांपैकी एक. आजच्या सोसायट्यांना ती मोकळीक नाही.

तरी क्लाइव्हची युक्ती मेलेली नाही. शेजारचे दोन फ्लॅट जोडून घेणारा माणूस एक स्वतःच्या आणि दुसरा बायकोच्या नावावर घेतो. स्वयंपाकघर एक, सभासद दोन, मतं दोन. हे बेकायदा नाही. एकच फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर शेअर सर्टिफिकेटवर ज्याचं नाव पहिलं, त्याचं मत.

कंपन्यांच्या ई-व्होटिंगमध्ये, २०१३ च्या कायद्यातल्या कलम १०८ खाली, एक कट-ऑफ तारीख ठरवतात: त्या दिवशी ज्याच्याकडे जेवढे भाग, तेवढं त्याचं वजन. सभेच्या आधी सात दिवसांपेक्षा मागची ती नसावी. १७७३ च्या कायद्याने एक वर्ष थांबायला लावलं होतं, इथे एक दिवस पुरतो.

कॉन्डोमिनियममध्ये प्रणाली लावताना खरी अडचण गुप्ततेची. वीस फ्लॅटच्या इमारतीत निकालाची बेरीज दशांशात आली, तर कोणाची टक्केवारी कुठे पडली, हे हिशेबाची वही सांभाळणारा सेक्रेटरी चहा पिता पिता काढू शकतो. माणसामागे एक मत असलं की हा धोका फारसा उरत नाही.

दुसरी अडचण अमेरिकी वकील जॉन बॅन्झाफने १९६५ साली दाखवली. न्यूयॉर्कजवळच्या नासाऊ काउंटीच्या मंडळात सहा मतांची वजनं ३१, ३१, २८, २१, २ आणि २ अशी होती. बहुमताला ५८ लागत. मोठ्या तिघांपैकी कोणतेही दोघे एकत्र आले की काम फत्ते. २१ वाल्याने कुठेही मत टाकलं तरी निकाल हलत नव्हता. चार मालकांच्या छोट्या इमारतीत ३०, ३०, ३० आणि १० टक्के असतील, तर दहा टक्केवाल्याचं तेच होतं. तो मेंटेनन्स मात्र दहा टक्के भरतो.

ही टक्केवारी मालक बसून ठरवत नाहीत. सहसा बिल्डरच ती घोषणापत्रात लिहितो, फ्लॅटच्या आणि सगळ्या मालमत्तेच्या किमतीच्या प्रमाणात. सगळ्या मालकांच्या संमतीशिवाय ती बदलता येत नाही. म्हणून वजनाचा रकाना भरणाऱ्याने आकडे नोंदणीकृत घोषणापत्रातूनच दशांशासकट उतरवावेत, मेंटेनन्सच्या बिलावरून नव्हे, आणि बेरीज शंभर येते का ते निवडणूक जाहीर करण्याआधी पाहावं. शंभर येत नसेल, तर ते आकडे ‘जुळवून’ घेण्याचा अधिकार ना त्याला आहे, ना कमिटीला.