कहांडळीचा डिंक आणि पोटावरची पिशवी

लहान आतड्याचं टोक पोटावर काढायचं आणि तिथे पिशवी लावायची, ही इलिओस्टॉमी. 1952 मध्ये इंग्लंडच्या ब्रायन ब्रूक यांनी ते टोक उलटवून शिवण्याची रीत मांडली. तरी पाझराने कातडी सोलवटायचीच. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या रुपर्ट टर्नबुल यांना त्यावर उपाय सापडला तो भारतातल्या जंगलांत होणाऱ्या कहांडळीच्या डिंकात. त्याची भुकटी ओलसर कातडीलाही चिकटून बसते.

मदतीचा हात मात्र रुग्णांनीच पुढे केला. टर्नबुल यांच्या रुग्ण नॉर्मा गिल 1958 पासून क्लीव्हलँडला इतरांना पिशवी लावायला शिकवू लागल्या. मुंबईत 1975 मध्ये अशा रुग्णांसाठी ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया उभी राहिली.

आणि बीड जिल्ह्यातलं आपलं गेवराई? अशा रुग्णांना रेल्वेच्या पासात सवलत आहे, पण गेवराईला रेल्वेच नाही. इथला रुग्ण एसटीने बीड नाहीतर छत्रपती संभाजीनगर गाठतो.

शस्त्रक्रिया एकदा होते. पिशवी दर काही दिवसांनी बदलावी लागते. तालुक्यातल्या दानशूर मंडळींनी आरोग्य शिबिरात चष्म्यांसोबत या पिशव्याही ठेवाव्यात.